उघडी खिडकी की यांत्रिक वायुवीजन?

इमारतीचा आराखडा कागदावर असतानाच आतली हवा खिडक्यांवाटे बदलायची की पंखे, डक्ट (हवा वाहून नेणाऱ्या नळ्या) आणि हीट एक्स्चेंजर (बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे उपकरण) यांच्या साहाय्याने, हे ठरवावे लागते. हा प्रश्न बहुधा निसर्ग विरुद्ध यंत्र असा मांडला जातो. माझ्या मते तो वेगळा आहे: त्या जागी वर्षातले किती तास खिडकी निर्धास्तपणे उघडी ठेवता येईल?

माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हे हवेच्या कोंदटपणाचे लक्षण मानून दर दहा लाख भागांत १,००० भाग ही मर्यादा सुचवली, आणि ढोबळ कसोटी म्हणून ती आजही वापरली जाते. तिच्या आसपास राहायचे तर बसून काम करणाऱ्या माणसामागे ताशी सुमारे ३० घनमीटर ताजी हवा लागते. आत-बाहेर २० अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर एवढी हवा बदलताना माणशी सुमारे २०० वॉट उष्णता वाया जाते. हीट एक्स्चेंजरने तिच्यातली ८० टक्के परत मिळवली, तर १६० वॉट वाचतात आणि पंख्यांना १५ वॉटसुद्धा लागत नाहीत. फरक ५ अंशांवर आला की मात्र बचत ४० वॉट उष्णतेपुरती उरते. तेवढी उष्णता हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत ओढून आणणारे यंत्र, १३-१४ वॉट विजेत देतो, म्हणजे पंख्यांनी खाल्ली तेवढीच वीज वाचली. त्याहून सौम्य हवामानात खिडकीच स्वस्त पडते.

सोईच्या बाबतीतही खिडकीची बाजू कमजोर नाही. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी १९९८ साली मांडलेल्या विश्लेषणानुसार, स्वतः खिडकी उघडता येणाऱ्या इमारतींतील लोक तापमानातील बराच अधिक चढउतार सुखाने स्वीकारतात. अडचण आहे ती खोलीच्या आकाराची. एकाच बाजूला खिडकी असेल, तर वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच पोहोचतो. समोरासमोर खिडक्या असतील, तर सुमारे पाच पटींपर्यंत. त्याहून खोल इमारतीत मधली माणसे कोंदट हवेतच बसतात, आणि ही चूक बांधकामानंतर दुरुस्त होत नाही.

बाहेर धूळ, धूर किंवा सततचा गोंगाट असेल, तर तुलना जवळपास तिथेच संपते, कारण खिडकीला फिल्टर नसतो. मात्र यंत्रणेचा पूर्ण लाभ हवाबंद बांधकामातच मिळतो. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ साली उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून (फार कमी ऊर्जेत ऊबदार राहणारे घर) रूढ झालेल्या मानकात, चाचणीत आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवला असता, ताशी घरातील एकूण हवेच्या ०.६ पटींहून अधिक हवागळती चालत नाही. फटी राहिलेल्या घरात महागडा एक्स्चेंजर बसवणे म्हणजे भोक पडलेल्या रांजणाला झाकण घालणे.

तीव्र ऋतूंत यंत्रणा आणि सौम्य ऋतूंत खिडक्या हा मिश्र मार्ग मला बहुतेक ठिकाणी सर्वांत शहाणपणाचा वाटतो, जरी त्यात दोन्हींचा खर्च येतो. तो परवडत नसेल, तरी डक्टसाठी छताखालची जागा राखून ठेवावी. यंत्रणाच निवडायची असेल, तर फिल्टर कोण बदलणार हे आधी ठरवावे. ते काम कोणाच्याच अंगावर नसेल, तर खिडकीच बरी.