नागपूरच्या बागांसाठी ८×४२ दुर्बीण : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीच्या एका दुकानातून मी साडेनऊ हजार रुपयांना ८×४२ची दुर्बीण घेतली. पक्षी अधिक मोठा दिसेल म्हणून १०×४२ घ्यावी, असा दुकानदारांचा आग्रह होता. तो मी मानला नाही, याचे आज समाधान आहे. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. शिवाय भिंग दोहोंत ४२ मिलिमीटरचेच असले, तरी डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत आठपटीत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो आणि दहापटीत ४.२. सेमिनरी हिल्सच्या झाडीत पहाटे पक्षी शोधताना हा फरक चांगलाच जाणवतो.

हरियाल हा आपला राज्यपक्षी, पण पिंपळाच्या पानांत त्याचा अख्खा थवा बसला असला तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खाली टपटपणाऱ्या फळांवरूनच त्याचा पत्ता लागतो. तेलंखेडीला एका सकाळी तशी फळे पडताना पाहून दुर्बीण वर धरली, तेव्हा आधी हळदीसारखे पिवळे पाय दिसले, मग खांद्यावरचा फिकट जांभळा डाग आणि मग, एकामागून एक, अकरा पक्षी.

खरी पारख मात्र एप्रिलमध्ये झाली. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाच्या मादीने स्वतःला कोंडून घेतले होते आणि लिंपलेल्या तोंडाला चोचीपुरती फट तेवढी उरली होती. नर येई, खोडाला बिलगून बसे आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून त्या फटीतून देई. रस्त्याच्या पलीकडे उभा राहूनही मला त्याच्या पापण्यांचे केस दिसत होते. माणूस झाडाखाली येऊन थांबला, तर नर फळ घेऊन आसपासच घुटमळत राहतो आणि आत मादी व पिल्ले उपाशी राहतात. म्हणूनच असे अंतर राखून पाहता येणे हा मला या दुर्बिणीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दोषही आहेत. तीन मीटरच्या आतले काहीच स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे पायाजवळच्या झुडपावरचे फुलपाखरू हिच्यातून पाहता येत नाही. मेच्या उन्हात गाडीत राहिल्याने डोळ्याजवळची रबरी कडी सैल झाली. ती बदलून देण्यास दुकानाने नकार दिला, तेही हमीची मुदत संपलेली नसताना. सोबत आलेला पट्टा अरुंद असून तासाभरात मानेला काचतो. मी त्याजागी रुंद सुती पट्टा लावून घेतला आहे. अंबाझरी तलावाच्या मध्यावर बसलेली हिवाळी बदके नेमकी ओळखण्यास आठपट पुरत नाही, त्यासाठी तिवईवरची मोठी दुर्बीणच हवी. बागेतल्या झाडांसाठी मात्र मी हीच पुन्हा घेईन, फक्त दुसऱ्या दुकानातून.