प्रॉडक्ट ओनरचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

अंधेरी पूर्वेला, मेट्रो स्टेशनजवळच्या एका हॉटेलात शनिवार-रविवार भरणारा हा सीएसपीओचा, म्हणजे सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनरचा वर्ग. स्क्रम ही सॉफ्टवेअर छोट्या फेऱ्यांत बनवण्याची पद्धत, आणि त्यात काय आधी बनवायचं हे ठरवतो तो प्रॉडक्ट ओनर. सकाळी ९ ते संध्याकाळी ६, वीसेक जण, गोल टेबलं, चार्ट पेपर आणि स्टिकी नोट्सचा ढीग. रविवारी मेगाब्लॉक असला की कल्याण-डोंबिवलीची मंडळी पोचेपर्यंत पहिला गटसराव निम्मा झालेला असतो. सर्टिफिकेट पूर्ण हजेरीवरच मिळतं, त्यामुळे ब्लॉकचं वेळापत्रक बघूनच बॅच निवडावी.

सर्टिफिकेटबद्दल आधी. सीएसपीओ हे स्क्रम अलायन्स या संस्थेचं. त्याला परीक्षा नाही, वर्गाला बसणं हीच अट. दर २ वर्षांनी १०० डॉलर आणि २० एसईयू (शिकण्यात घातलेल्या तासांचे गुण) देऊन ते नवं करावं लागतं. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या पीएसपीओ-१ या प्रॉडक्ट ओनर परीक्षेचं उलट आहे. वर्गाची सक्ती नाही, पण ६० मिनिटांत ८० प्रश्न आणि पास व्हायला ८५ टक्के. फी २०० डॉलर, मुदत कधीच संपत नाही. स्वतः अभ्यास करणाऱ्याला फक्त कागदच हवा असेल तर दुसरा रस्ता स्वस्त पडतो. या वर्गाच्या जाहिरातीतल्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हेही लक्षात असू द्या.

पहिला दिवस दुपारपर्यंत पाणचट. २००१ चा ॲजाइल मॅनिफेस्टो, वॉटरफॉल (एकामागून एक टप्प्यांची जुनी पद्धत) कसा वाईट, वगैरे. स्लाइड जुन्या आहेत: ‘रिफाइनमेंटला टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत वेळ’ हे वाक्य (रिफाइनमेंट म्हणजे पुढची कामं फोडून स्पष्ट करणं) २०१७ च्या स्क्रम गाईडमधलं, म्हणजे या पद्धतीच्या नियमपुस्तिकेतलं, नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत ते नाही. त्याच आवृत्तीत आलेला प्रॉडक्ट गोल (उत्पादनाचं दूरचं उद्दिष्ट) मात्र एका स्लाइडमध्ये उरकला. प्रॉडक्ट ओनरच्या वर्गात हे चालत नाही. गोल नसेल तर बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची क्रमवार यादी, ही नुसती मागण्यांची यादी होते, आणि ‘नाही’ म्हणायला आधारच राहत नाही.

पैसे वसूल होतात ते दुपारनंतर. सरावाला घेतलंय हाउसिंग सोसायटीचं ॲप, आणि मुंबईकराला त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली गरज, अशी: ‘सभासद म्हणून मला मेंटेनन्स ऑनलाइन भरता यावा.’ बहुतेक टेबलं तिचे तुकडे स्क्रीन, डेटाबेस, पेमेंट गेटवे असे पाडतात. मग तीन स्प्रिंट (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्या) संपले तरी एकाही सभासदाचा एक रुपया भरला जात नाही. ट्रेनर ते फाडून पुन्हा करायला लावतो: आधी एकाच फ्लॅटची पूर्ण रक्कम यूपीआयने आणि पावती, मग अर्धवट भरणा, मग थकबाकीवरचं व्याज, मग भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. या शेवटच्या तुकड्यावर स्वीकाराचे निकष लिहिणं खरं शिकवून जातं. ‘चार्ज बरोबर लागावा’ हा निकष नव्हे. ‘चार्ज सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि हिशेबात महापालिकेचे कर धरू नयेत’ हा तपासता येतो. असा एक तुकडा नीट लिहायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती लागायलाच हवीत.

त्यानंतरचा प्लॅनिंग पोकर, म्हणजे आकड्यांचे पत्ते दाखवून कामाच्या आकाराचा अंदाज बांधणं, मात्र चुकीचा. सगळ्यांच्या हातात पत्ते दिले, प्रॉडक्ट ओनर झालेल्यांच्याही. आकाराचा अंदाज काम करणाऱ्या डेव्हलपर्सनी बांधायचा. प्रॉडक्ट ओनरने प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्याचाच पत्ता ३ चा निघाला की १३ म्हणणारा गप्प बसतो, आणि ते कामही स्प्रिंटमध्ये अडकतं.

मोठी उणीव वेगळीच आहे. ऐरोली, पवई, गोरेगावच्या सर्व्हिस कंपन्यांत प्रॉडक्ट ओनर नावाचा माणूस बऱ्याचदा निरोप्या असतो. निर्णय परदेशातल्या क्लायंटकडे. त्यावर वर्गाचं उत्तर एवढंच, की प्रॉडक्ट ओनर एकच व्यक्ती असते, समिती नव्हे. गाईडमध्ये तसंच आहे, पण सोमवारी सकाळी काय करायचं? क्लायंटसोबत एका पानावर लिहून घ्यायचं: क्रम बदलणं, निकष कमी करणं, काम स्वीकारणं यांपैकी न विचारता काय करता येईल, बाकीच्या प्रश्नाचं उत्तर किती तासांत मिळेल, उत्तर नसलेली स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायची नाही. यावर तासभर घालवला असता तर सकाळचा इतिहास सहज माफ झाला असता.

जेवण चांगलं, एसी गोठवणारा, शाल-स्वेटर न्या. दोन-तीन वर्षं बिझनेस ॲनालिस्टचं काम केलेल्याला दुपारनंतरचा सराव नक्की उपयोगी. अगदी नवख्याला निम्मं डोक्यावरून जाईल. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रॉडक्ट गोलला किती वेळ देता, आणि सराव ट्रेनरच्या उदाहरणावर की आपल्या स्वतःच्या बॅकलॉगवर? स्वतःचा चालत असेल तर दहा-बारा स्टोऱ्या क्लायंटचं नाव खोडून छापून न्या. लॅपटॉप उघडायला तिथे वेळ मिळत नाही.