विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी कोणतं बेट निवडावं?

उदगीरहून साडूंचा फोन आला. "भाऊ, अंदमान का लक्षद्वीप, तेवढं एक सांगा. लई पाल्हाळ लावू नका." पाल्हाळ लागणारच होतं. त्यांच्या घरात दहा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघे धरलेली आई. सुट्टी आठ दिवसांची, तीही सोयाबीन विकून हरभरा उगवून आल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. फोटोत सगळीच बेटं देखणी दिसतात, त्यावरून काही ठरत नाही.

आपण लातूर-उदगीरकडची माणसं पोहायला शिकलो ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहीर खोल असते, पण पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं उलटं. गुडघाभर पाण्यातसुद्धा माघारी जाणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते आणि विहिरीच्या काठावरून सूर मारणारा गडी आडवा होतो. म्हणून मी आधी दोनच गोष्टी बघतो: तिथलं पाणी वागतं कसं, आणि तिथवर पोचण्यात सुट्टीतले किती दिवस खर्ची पडतात.

पाण्याचंच बघायचं तर लक्षद्वीपच्या जवळपास कुणी येत नाही. ही प्रवाळाची बेटं आहेत. एकूण ३६, त्यातल्या फक्त १० बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. बेटाच्या अंगाला प्रवाळाचा बांध असतो. समुद्र त्या बांधावर आपटून फुटतो आणि आत राहतं ते उथळ, नितळ, जवळजवळ उभं पाणी. कंबरभर पाण्यात गेलात तरी पायाची बोटं दिसतात आणि बोटांशी मासे दिसतात. विहिरीत शिकलेल्या माणसाला घाबरवणार नाही असा समुद्र मी तेवढाच पाहिला. सहा वर्षांच्या मुलीला तिथं बिनधास्त बसवता येतं, अर्थात हाताच्या अंतरावर.

आता अडचणी. भारतीय माणसालाही तिथं जायला परवाना काढावा लागतो, त्यामुळं आठवड्यावर सुट्टी आल्यावर विचार करून चालत नाही. विमान कोचीहून अगत्तीला जातं, छोटं असतं, सामान मोजून न्यायचं. नाहीतर कोचीहून जहाज, एक रात्र समुद्रात. जहाज बऱ्याच बेटांना लागत नाही. खोल पाण्यात थांबतं आणि हलत्या जहाजातून हलत्या होडीत पाय टाकावा लागतो. खलाशी दंडाला धरून अलगद उतरवतात हे खरं, पण साडूंच्या आईंना तिथं उभं केलेलं मला डोळ्यांसमोर आणवत नाही. जेवणात नारळ आणि टूना मासा. शाकाहारी मिळतं, पण फार निवड नसते. दारूबंदी आहे, फक्त बंगारम बेटाला सूट. आमच्या गटातल्या दोघांचा उत्साह हे कळल्यावर निम्म्यानं उतरला होता.

एक गोष्ट मात्र लातूरकडच्या माणसानं मुद्दाम समजून घ्यावी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर गोडं पाणी समुद्रातूनच काढतात. वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडून त्याची वाफ करायची आणि खोल समुद्रातून ओढलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. २००५ पासून तिथं रोज एक लाख लिटरच्या क्षमतेचा असा प्रकल्प आहे. मला प्रवाळापेक्षा हेच जास्त आठवतं. बायकोला नाही पटत.

(मालदीवचं काय, असं कुणीतरी विचारणारच. समुद्राखालची डोंगररांग तीच, पाणी त्याच जातीचं. मिनिकॉय बेटावरची बोलीसुद्धा मालदीवचीच. पासपोर्ट तयार असेल आणि चार दिवस एकाच रिसॉर्टच्या बेटावर बसून कंटाळा येणार नसेल तर जा.)

अंदमानला परवान्याची कटकट नाही आणि बघायला पुष्कळ आहे, हा त्याचा मोठेपणा. उदगीरकरांना मुंबई गाठायचीही गरज नाही. बिदर-विकाराबाद मार्गे रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तिथं सेल्युलर जेल आहे. सात पाखांपैकी आता तीनच उरल्यात. सावरकर १९११ ते १९२१ तिथं होते. त्या कोठडीसमोर आपल्याकडची म्हातारी माणसं चप्पल काढून उभी राहतात आणि नंतर बराच वेळ बोलत नाहीत. समुद्र न आवडणाऱ्या माणसालाही अंदमान फुकट जात नाही ते यामुळं.

खरा किनारा मात्र पुढं बोटीनं दीड-दोन तासांवर, हॅवलॉकला. कागदोपत्री स्वराज द्वीप, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच. तिथला राधानगर किनारा पांढराशुभ्र, लांबच लांब, मागं उंच झाडांचं रान. देखणेपणात माझा पहिला नंबर त्यालाच. पण तो मोकळा समुद्र आहे, लाटा येतात. मुलांचा हात सोडायचा नाही. मगरीबद्दलचे फलक गमतीसाठी लावलेले नाहीत, २०१० मध्ये तिथं मगरीनं माणूस मारलाय. प्रवाळ बघायला एलिफंट बीच किंवा नीलचा, म्हणजे शहीद द्वीपचा, भरतपूर किनारा. तळाला काच असलेल्या होड्या असतात, त्यातून पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ दिसतो. डायव्हिंग करणार असाल तर त्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नका. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळं दुपारी जेवून ताणून दिलं की दिवस संपला.

आमचा तिथला एक दिवस पाण्यात गेला, तोही चुकीच्या अर्थानं. समुद्र खवळला, हॅवलॉकहून परतीची बोट रद्द झाली आणि विमान चुकता चुकता वाचलं. बोटवाल्यांनी तिकिटाचे पैसे परत द्यायला दीड महिना लावला. तेव्हापासून सांगत आलोय, विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. म्हणजे आठ दिवसांतले येण्याजाण्याचे आणि बोटींचे काढले तर हातात चारच उरतात.

दीव झटक्यात उरकतो, कारण बेट असूनही त्याला पूल आहे. बोट नाही, ओकाऱ्या नाहीत. नागवा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, १५३५ पासूनचा पोर्तुगीज किल्ला, आणि गंगेश्वराला कपारीतल्या पाच पिंडींवर समुद्र स्वतःच पाणी घालत असतो. पाणी मात्र गढूळ. लक्षद्वीप बघून आलेल्यानं जाऊ नये. मुंबईहून वेरावळची रेल्वे, तिथून ८०-९० किलोमीटर. वेरावळला उतरलात की सोमनाथ पाच-सहा किलोमीटरवर.

उरलं मालवण, आणि साडूंना मी तेच सांगितलं. सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट करत लातूरहून साधारण ५०० किलोमीटर. स्वतःची गाडी, वाटेत धपाटे आणि शेंगाचटणी, कोल्हापूरला मुक्काम. अंदमानच्या दोघांच्या विमानभाड्यात अख्खं घर राहून येतं. तारकर्ली-देवबागच्या घरगुती निवाऱ्यांत माळकरी आईंनाही उपाशी राहावं लागत नाही. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. बाकीच्यांना सुरमई आहेच. पाणी अंदमानइतकं नितळ नाही, डायव्हिंगला खाली कधी कधी धूसर दिसतं, आणि सुट्ट्यांच्या गर्दीत त्सुनामी आयलंडवर माणसांच्या डोक्यांवरून समुद्र बघावा लागतो. मे अखेर ते ऑगस्ट अखेर बोटी बंद असतात, पण त्याचा साडूंशी संबंध नाही.

खरं बेट तिथलं कुरटे, ज्यावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. धक्क्यावरून होडीनं थोडक्यात पोचतो. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. आपल्याकडं हजार फूट बोअर मारून धूळ निघते, आणि इथं समुद्राच्या पोटात गोडं पाणी. मी त्या काठावर जितका वेळ बसलो तितका कुठल्याच किनाऱ्यावर बसलो नाही.

तर साडूंना म्हणालो: यंदा मालवण, आई बरोबर. मुलगी नऊ-दहाची झाली की लक्षद्वीप, परवान्याला आधी लागून. अंदमान मुलगा दहावी झाल्यावर, जेल कळण्याच्या वयात.

ते "बरं" म्हणाले. मग फोन त्यांच्या आईंनी घेतला. घृष्णेश्वर झालं, औंढा झालं, परळी तर दरवर्षीच होते. "ते सोमनाथ कोणच्या बेटाजवळ म्हणालाव?"

काल रात्री साडूंनी वेरावळच्या गाडीची पाच तिकिटं काढली.