मास्लाक बर्नआउट चाचणी: कंपनीच्या प्रमुखासाठी कितपत कामाची?

क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांची बर्नआउट (कामाच्या सततच्या ताणाने येणारी दमछाक) मोजणारी १९८१ची मूळ चाचणी २२ प्रश्नांची, लोकसेवेतल्या व्यवसायांसाठीची. कंपनी चालवणाऱ्याने 'जनरल सर्व्हे' ही १६ प्रश्नांची आवृत्ती घ्यावी: थकवा ५, कामाबद्दलचा तुटकपणा ५, परिणामकारकता ६. उत्तरं ० (कधीच नाही) ते ६ (रोज). सशुल्क आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत उरकते.

तिन्हींची बेरीज करून एकच आकडा काढणं, ही नेहमीची चूक. परिणामकारकतेची दिशा उलटी असते (तिथे जास्त गुण म्हणजे चांगलं), त्यामुळे बेरजेला अर्थच राहत नाही. प्रमुखांच्या बाबतीत तर हाच भाग फसवा: माणूस पार थकलेला असतो, तरी 'मी कामात चोख आहे' यावर बिनधास्त ६ देतो. म्हणून आधी तुटकपणा पाहावा. तो वाढला की बैठकीत लोकांचं बोलणं अर्ध्यावर तोडलं जातं, वाईट बातमी वर पोचेनाशी होते आणि निर्णय अपुऱ्या माहितीवर होऊ लागतात.

निकाल संचालक मंडळाकडे जाणार असेल तर चाचणी घेऊच नका, उत्तरं गुळगुळीत येतील. निकाल प्रमुख आणि समुपदेशक यांच्यातच राहावा. तिमाही संपतानाच्या धावपळीत एकदाच भरून घेण्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरावी.

मोठी मर्यादा म्हणजे ही नैराश्याची तपासणी नव्हे. घटस्फोट, आजारपण, दारू यांबद्दल ती काहीच विचारत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थेट डॉक्टरकडे जावं.