वारली की गंजिफा : नव्या घरासाठी काय घ्यावं?

मावसभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे. वहिनीने आधीच बजावलंय, "काचेचे सेट नकोत, हाताने रंगवलेलं काहीतरी आणा." असं म्हटलं की दोन नावं हटकून पुढे येतात, डहाणू-जव्हारकडची वारली चित्रं आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेली खेळायची पानं. दोन्ही माझ्या घरात आहेत आणि दोन्हींवर थोडे पैसे वाया घालवून झालेत, म्हणून हा आढावा.

आधी एवढंच ठरवा, वस्तू भिंतीवर लागणार आहे की हातात फिरणार आहे?

वारली मुळात भिंतीची. लग्नघरात सारवलेल्या, गेरू फिरवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. ब्रश म्हणजे टोक चेचलेली बांबूची काडी, आणि चौकाच्या मधोमध पालघट देवी. ते चित्र वर्षानुवर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. गंजिफेचं नेमकं उलटं. ती खेळायची पानं, गोल, तळहातात मावणारी. डावामागून डाव घामट हातांतून जायची, म्हणून कापडा-कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून कडक करायचे, त्यावर चित्र आणि वरून लाखेचं रोगण. आता तेच चित्र आणि रोगण ट्रे-कोस्टरवरही करतात.

हा फरक मला कोस्टरने शिकवला. एका प्रदर्शनातून वारलीचे सहा कोस्टर आणले होते. पावसाळ्यात गार पाण्याचा ग्लास त्यावर रात्रभर राहिला. सकाळी लाकडाच्या भुशाची ती चकती टम्म फुगलेली आणि तारपा (भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारा कमरेपासून खाली गायब. गंजिफेचे कोस्टर मात्र चौथं वर्ष चाललंय. फक्त कढत पातेलं ठेवू नका, रोगणावर पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही. (आमच्याकडे पडलाय. कुणी ठेवलं ते सांगत नाही.)

म्हणजे ट्रे, पाट, डबी, कोस्टर असलं काही हवं असेल तर गंजिफा, यात मला शंका नाही. पण मोठी रिकामी भिंत असेल तर गंजिफा तिथे बिचारी वाटते. तिची सगळी गंमत जवळून बघण्यात आहे. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा : राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याचा दश्शा हातात घेऊन बघा, रुपयाएवढ्या जागेत दहा मासे आणि प्रत्येकाला डोळा. सोफ्यावरून हे दिसणार आहे का? वारली सोफ्यावरून दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस, आणि अशा पन्नास माणसांचं वेटोळं तारप्याभोवती फिरायला लागलं की सगळी भिंत हलते. जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे आज ते गुंडाळून कुठेही नेता येतं.

छापील माल दोन्हींत आहे, वारलीत जास्त. ओळखायची खूण सोपी : एकच नाचणारी बाई, तोच हात, तेच वाकणं, समान अंतरावर पुन्हा पुन्हा दिसली की ते छापील. हाताच्या कामात दोन बायका कधी सारख्या नसतात. गंजिफेत कडेची वेलबुट्टी तिरक्या उजेडात धरा, ब्रश उचलल्याच्या जागा दिसतात. सावंतवाडीला जाणं होणार असेल तर राजवाड्यातच जा, कारागीर समोर बसून रंगवत असतात. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी छान मिळतात, पण तो वेगळा माल.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कोस्टरवर राजाचं, म्हणजे खुद्द अवताराच्या चित्राचं, पान घेतलंत तर घरातलं कुणीतरी "रामावर चहाचा कप ठेवता?" म्हणणार. आमच्या आईने ते दोन उचलून देवघरात ठेवले, सेट चारचा झाला. मासे-कासवांची आकड्यांची पानं मागा. पालघटचंही तसंच, ती पायपुसण्यावर बघवत नाही.

आणि हवं तसं करून घ्यायचं असेल तर वारली जास्त मोकळी. गंजिफेत कुठल्या अवताराची खूण कोणती हे ठरलेलं, तुम्ही फार तर रंग आणि काठ सांगणार. वारलीत आता रेल्वे, मोटारसायकल सगळं येतं.

वहिनीकडे हॉलची एक अख्खी भिंत मोकळी आहे, त्यामुळे आमचं वारलीवर ठरलं. चित्रकाराला म्हटलं, कोपऱ्यात त्यांची सात मजली इमारत घाला. तो हो म्हणाला, दोन दिवसांनी त्याचा फोन आला : लिफ्टमध्ये माणसं उभी दाखवू की नाचताना?