चालवायचाय का मांडायचाय? आमच्या १९८४ च्या ऑल्विन फ्रिजचं काम करणाऱ्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात जुन्या फ्रिजचं काम करणारे एक चाचा आहेत, दुकानाला पाटी नाही, त्यामुळे ऑनलाइन शोधून सापडणार नाहीत. मी गेल्या वर्षी आमच्या आईचा ऑल्विन त्यांच्याकडून करून घेतला आणि आता मधल्या उन्हाळ्यासकट पूर्ण वर्ष वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय. जुने फ्रिज हौसेने जमवणारे किंवा घरातला एखादा परत सुरू करायची इच्छा असणारे बरेच जण विचारत असतात, त्यांना उपयोग होईल.

पहिल्या भेटीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, चालवायचाय का निस्ता मांडायचाय?" मी म्हटलं चालवायचाय, रोज, दूध-भाजी ठेवून. त्यावर ते म्हणाले, "मग रंगाचं शेवटी बोलू. आधी पोटात काय हाय ते बगू." मला तिथेच बरं वाटलं, कारण त्याआधी ज्या दोन-तीन ठिकाणी विचारलं तिथे सगळे पहिल्यांदा रंगाचं कार्ड पुढे करत होते.

आधी फ्रिजविषयी. ऑल्विन म्हणजे हैदराबादची कंपनी, १९४२ ची, फ्रिज करायची, बसच्या बॉड्या करायची, नंतर घड्याळंही. आपल्याकडे भारतीय कंपनीने बनवलेला पहिला फ्रिज गोदरेजचा, १९५८ चा, आणि ऐंशीच्या दशकात गोदरेज, केल्व्हिनेटर, ऑल्विन ही नावं घराघरात होती. आमचा १९८४ सालचा, १६५ लिटर, एक दार, वर ॲल्युमिनियमचा फ्रीझरचा डबा, दाराला किल्ली. बाबांनी घेतला तेव्हा गल्लीत दुसराच होता आणि उन्हाळ्यात शेजारची पोरं बर्फाला वाटी घेऊन यायची. २००३ साली आईने फ्रीझरमध्ये साठलेला बर्फ सुरीने काढला, सुरी डब्याच्या पत्र्यात घुसली, फुस्स झालं आणि गॅस गेला. हे तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात झालं असणार. नवीन फ्रिज आला, पण जुना टाकवला नाही, मागच्या खोलीत पापड, कुरडया, भाजणी ठेवायचं कपाट झाला. दार असं घट्ट बसायचं की मुंगी जात नव्हती. मग २०१९ चा पूर आला, शाहूपुरीत आमच्या घरात पाणी शिरलं आणि फ्रिज फूट-दीड फूट पाण्यात दोन दिवस उभा होता. तळाचा पत्रा त्यातच गेला.

चाचांकडे जायच्या आधी मी एक चूक केली ती सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. घरी येणाऱ्या एका मेकॅनिकने फ्रीझरच्या भोकाला एम-सील लावलं, नवीन रिले जोडला, गॅस भरला, २८०० रुपये घेतले. सगळं मिळून दीड तास. अकरा दिवस फ्रिज चालला, म्हणजे चालला तरी कसा, दोन तास थंड व्हायचा, मग गारवा जायचा, बंद करून परत लावला की पुन्हा थंड, आणि बाराव्या दिवशी कॉम्प्रेसर नुसताच घुमत राहिला. चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फ्रिज उघडायच्या आधीच सांगितलं की व्हॅक्यूम न मारता, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून न काढता गॅस भरलाय. पाइपात राहिलेली ओल गॅसबरोबर फिरते, कॅपिलरी संपून फ्रीझर सुरू होतो तिथे पोचली की तिचा कणभर बर्फ होतो, वाट बंद, आणि मशीन बंद ठेवलं की तो बर्फ वितळून वाट मोकळी. म्हणून ते थांब-चाल थांब-चाल. कॅपिलरी म्हणजे सुतळीपेक्षाही बारीक तांब्याची नळी, तिला बंद व्हायला फार काही लागत नाही.

आता त्यांनी काय केलं ते. फ्रीझरचा डबा सोडवला, नळीची दोन्ही तोंडं बंद करून आत नायट्रोजनचं प्रेशर दिलं आणि डबा पाण्याच्या टाकीत बुडवला. मला बोलावून दाखवलं. एम-सीलच्या कडेने अगदी बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती, मोहरीएवढे, एकामागे एक, न थांबता. वीस वर्षांपूर्वीची आईची सुरी, आणि ती जागा मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. त्यांनी एम-सील खरवडून काढलं, ॲल्युमिनियमचा रॉड वापरून कमी आचेवर भोक भरलं, परत पाण्यात बुडवून बघितलं आणि सगळं जोडल्यावर नायट्रोजन भरून मीटर लावून रात्रभर ठेवलं. सकाळी काटा जागेवर होता. त्यानंतर नवीन ड्रायर (पाइपातली ओल शोषणारी गाळणी), नवीन कॅपिलरी आणि तासभर व्हॅक्यूम. हे तासभर पंप घरघरत ठेवणं बाहेर कोणी करत नाही कारण त्यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

कॉम्प्रेसर मूळचाच ठेवलाय. मला वाटलं होतं पुराच्या पाण्यात तो गेलाच, पण तो वेल्डिंग करून बंद केलेला गोळा असतो, बाहेरून पाणी आत जात नाही, बाहेरचे टर्मिनल आणि वायरी मात्र गंजतात. त्यांनी जुनं ऑइल एका काचेच्या बाटलीत काढून माझ्यासमोर उजेडात धरलं, वास घेतला. मोटर जळालेली असली की ऑइल काळं आणि आंबूस येतं म्हणे, आमचं चहासारखं पिवळसर होतं. तेवढंच मोजून नवीन घातलं. चाळीस वर्षांचा कॉम्प्रेसर परत सुरू झाला तेव्हा चाचांनी त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गॅसचं नीट समजून घ्या कारण यात फसवणूकही होते आणि धोकाही आहे. त्या काळच्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. तो ओझोनच्या थराला खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जगभर बंद होत गेला आणि आपल्याकडे २०१० पर्यंत संपवला, त्यामुळे कोणी स्वस्तात "ओरिजिनल बारा नंबर गॅस आहे" म्हणालं तर लांब राहा. त्यानंतर आलेला १३४ए गॅस घालायचा तर जुनं मिनरल ऑइल चालत नाही, ते पूर्ण काढून वेगळं घालावं लागतं, आणि जुन्या कॉम्प्रेसरमधून शेवटच्या थेंबापर्यंत काढणं अवघड. चाचा हायड्रोकार्बनचं मिश्रण वापरतात, प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं, ते जुन्या प्रकारच्या ऑइलशी जमतं. फक्त ते जळणारं आहे. ते हलकंही असतं, त्यामुळे पाटीवर जितका आर-१२ लिहिलाय त्याच्या वजनाने साधारण ४० टक्केच लागतं, आणि जळणारं म्हणून ते अंदाजाने नाही, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅममध्ये मोजून भरलं. शिवाय आतला थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच, जिथे ठिणगी पडू शकते, ते फ्रिजच्या पोटातून काढून बाहेरच्या बाजूला सीलबंद डब्यात बसवले. पाठीवर मोठा स्टिकर लावलाय, आत कुठला गॅस आहे त्याचा, म्हणजे पुढे कोणी टॉर्च घेऊन वेल्डिंगला बसणार नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते.

पत्र्याच्या पोटातला ग्लासवूल, म्हणजे गारवा धरून ठेवणारा काचेच्या तंतूंचा कापूस, पुराच्या पाण्याने खालच्या बाजूला भिजून गोळा झाला होता, कुबट वास त्याचाच होता, मी दोन वर्षं व्हिनेगर लावून पुसत होते! ओला ग्लासवूल गारवा धरत नाही, मशीन चालतच राहतं. सगळा काढून नवीन भरला, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. तळाचा चार बोटं पत्रा कापून नवीन जोडला.

हँडल हा माझा सगळ्यात आवडता भाग. मूळ हँडलला मधोमध तडा होता आणि ऑल्विनचे सुटे भाग आता कुठून मिळणार. पण हे उद्यमनगर आहे, इथे शेतीपंपापासून इंजिनच्या भागांपर्यंत सगळं ओतलं जातं. चाचांनी तडा भरून त्याच हँडलचा साचा केला, चार घरं सोडून एका ओताऱ्याकडे ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतलं, दुसऱ्याकडे बफिंग. मी मूळचं आणि नवीन दोन्ही हातात घेऊन बघितली, नवीन थोडं हलकं लागतं, बाकी बोटांची खाच तीच. जुनं त्यांनी न मागता परत दिलं.

रंगाचा विषय खरंच शेवटी आला. बाहेरून फ्रिज पांढरट-राखाडी दिसायचा, मला वाटायचं तोच रंग. त्यांनी दारावरचा बिल्ला उचलला आणि त्याच्याखाली, चाळीस वर्षं ऊन-धूर न लागलेला, बोटभर लांबीचा फिकट पिस्ता रंग होता. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अगं हाच, हाच होता." त्यावरून ड्युको, म्हणजे फवारून मारायचा रंग, मिसळून घेतला. पावडर कोटिंग करा म्हणून मी आधी मागे लागले होते, पण ते पत्रा भट्टीत भाजून करायचं काम, १८०-२०० डिग्रीला, त्यासाठी फ्रिजचा पत्रा-पत्रा सुटा करावा लागतो आणि ह्या बॉडीत ते शक्य नाही. ड्युकोला ओरखडे लवकर पडतात हे खरं आहे, आमच्या दाराला एक पडलाय. आतलं पिवळं पडलेलं प्लॅस्टिक केसांच्या डेव्हलपरचा (केस रंगवताना वापरतात ते पेरॉक्साइडचं क्रीम) थर देऊन उन्हात ठेवलं होतं, बरंच उजळलं, पण अंड्याच्या कप्प्याच्या कोपऱ्यात पिवळेपणा आहे. मला चालतो.

आता न आवडलेल्या गोष्टी. सहा आठवडे सांगितले होते, चार महिने लागले. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. अंदाज १४ हजारांचा होता, बिल साडेसतरा झालं, त्यात पत्र्याचं आणि ओतकामाचं वाढलं हे मान्य, पण आधी कळवायला हवं होतं आणि कागदावर हिशोब मी तीनदा मागितल्यावर मिळाला. घरी आणल्यावर दाराचा रबर डाव्या खालच्या कोपऱ्यात बसत नव्हता. दहाची नोट दारात धरून ओढून बघायची, सगळीकडे अडकली पाहिजे, तिथे सहज निघून येत होती. सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतः घरी आले, हेअर ड्रायरने रबर गरम करून वळवला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला आणि आईशी अर्धा तास जुन्या फ्रिजच्या गप्पा मारल्या.

वर्षभराचा अनुभव असा. मधल्या फळीवर थर्मामीटर ठेवलाय, एप्रिलमध्येसुद्धा ४ ते ५ डिग्री. वीज दिवसाला साधारण दीड युनिट घेतो, आजच्या पाच स्टार एकदारी फ्रिजच्या कितीतरी जास्त, म्हणून बिल वाचवायला जुना फ्रिज घेऊ नका. दर तीन आठवड्यांनी बंद करून बर्फ वितळवावा लागतो, खाली ताट ठेवते आणि सुरी त्या खोलीत आणूच देत नाही. आवाज आहे, रात्री सुरू होताना अंगभर एकदा थरथरतो. ताक मात्र मला ह्याच्यातलंच चांगलं लागतं, आणि भाजीही ह्याच्यात बरी राहते, कारण नवीन फ्रॉस्ट-फ्रीमध्ये पंखा वारा मारत राहतो, उघडी भाजी-कोथिंबीर सुकते, ह्याच्यात कोथिंबिरीची जुडी नुसत्या फडक्यात आठ दिवस टिकते.

वर्कशॉपमध्ये एक पन्नासच्या दशकातला खटक्याच्या हँडलचा फ्रिजही होता, पन्हाळ्याच्या एका होमस्टेवाल्यांचा, त्यांना तो फक्त पुस्तकं ठेवायला हवा होता. चाचांनी काम घेतलं पण खटका आधी काढून टाकला. त्या खटक्याचं दार आतून उघडत नाही, लहान मूल लपायला आत शिरलं तर बाहेर येऊ शकत नाही. अशा फ्रिजमध्ये मुलं गुदमरून गेली म्हणून अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा केला आणि त्यानंतर चुंबकाच्या रबराची दारं सगळीकडे आली. आमच्या फ्रिजला चुंबक आहे, पण किल्लीचं कुलूप होतं, ते त्यांनी आतून निकामी केलं. किल्ली दाराला लटकते, फिरतेसुद्धा, लागत नाही. जुनं जमवणाऱ्यांनी याबाबतीत ओरिजिनलचा हट्ट धरू नये.

नेताना फ्रिज टेम्पोत उभाच न्या, आडवा केलाच तर घरी पोचल्यावर दिवसभर उभा ठेवून मग लावा, ऑइल खाली बसायला वेळ लागतो. बिल्ला, फळ्या, बर्फाचे ट्रे, तुटलेला तुकडासुद्धा, सगळं एका पिशवीत घालून बरोबर द्या. आणि अर्थिंगची तीन पिनची जागा आधी तपासून घ्या, पत्र्याची बॉडी आहे.

पत्ता हवा असेल तर मेसेज करा. इचलकरंजीच्या मावशीच्या गच्चीवर एक केल्व्हिनेटर पडून आहे, दिवाळीनंतर तो न्यायचाय. दार आत्ताच काढून भिंतीला टेकवून ठेवलंय.