मोबाइलवरची उपासना की चर्चमधले बाक

मार्च २०२०मध्ये चर्चची दारे बंद झाली, तेव्हा मोबाइलवरची उपासना ही नाइलाजाने पत्करलेली सोय होती. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला दारे उघडली, दुसऱ्या लाटेत ती परत मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली. पण तोवर आमच्या जालन्यातल्या बऱ्याच घरांत सोयीची सवय झाली होती. माझ्या घरात तर ती दारे उघडल्यानंतरही जवळपास वर्षभर टिकली. आमचे कुटुंब प्रॉटेस्टंट मंडळीतले. कॅथलिक शेजाऱ्यांपुढे हा प्रश्न फारसा उभा राहत नाही, कारण रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्यांची मुख्य उपासना, हे त्यांच्या धर्मसंस्थेने घालून दिलेले बंधन आहे आणि आजारपण किंवा तान्ह्या मुलांची देखभाल अशा सबळ कारणानेच त्यातून सूट मिळते. आमच्याकडे असा लेखी नियम नसल्यामुळे निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो. मी दोन्ही बाजूंनी राहून पाहिले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

मोबाइलच्या बाजूने जे म्हटले जाते ते बहुतेक खरे आहे. पुण्यामुंबईच्या उत्तम उपदेशकांचे संदेश खाटेवर बसून ऐकता येतात. माझ्या आईचे गुडघे गेल्यापासून तिला चर्चच्या चार पायऱ्या चढवत नाहीत. तिच्यासाठी तो मोबाइल उपकारच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे सकाळी दहालाच रस्ता तापतो, त्यात वीज गेली की पंखे बंद आणि लाउडस्पीकरही बंद. शिवाय कमिटीच्या निवडणुका, कोणाला पहिल्या बाकावर बसवले आणि कोणाला नाही यावरून होणारी धुसफुस, पाऊण तासावर गेलेला संदेश, यांतले काहीच घरी सोसावे लागत नाही. लांबलेल्या संदेशाचे गाऱ्हाणे तसे जुनेच आहे: प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत चालले म्हणून युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातच लिहिलेले आहे.

घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा हा तिसरा पर्याय काही जण सांगतात. त्या मलाही प्रिय आहेत. पण यरुशलेमेतले पहिले विश्वासणारे घरोघरी भाकर मोडत होते आणि त्याबरोबरच रोज मंदिरातही जमत होते, म्हणून मी प्रार्थनासभेला चर्चची जागा देत नाही.

माझा कौल ज्या गोष्टीने फिरवला ती वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. यूट्यूबवर पडद्याच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की चित्रफीत दहा सेकंद पुढे सरकते. सुरुवातीला आम्ही उपासना थेट, ठरल्या वेळी, आंघोळ करून आणि नीट कपडे घालून पाहत असू. पुढे ती दुपारच्या जेवणानंतर पाहू लागलो, आणि एकदा ठरली वेळ गेल्यावर त्या टिचकीची चटक लागली. आधी सूचना गेल्या, मग अर्पणाच्या वेळचे गीत गेले आणि त्यानंतर मध्यस्थीची प्रार्थना गेली. आमचे पाळकसाहेब त्या प्रार्थनेत आजाऱ्यांची आणि अडचणीतल्या कुटुंबांची नावे एकेक करून सावकाश घेतात, आणि खाटेवर पडून ऐकणाऱ्या माणसाला तो सावकाशपणा फार जाचतो. माझा अंगठा तिथे आपोआप उठत असे. त्याच सुमारास मोंढ्यात माझ्या बाकावरच्या निवृत्त गुरुजींच्या पत्नी भेटल्या. वर्षानुवर्षे गुरुजी भिंतीच्या बाजूला आणि मी त्यांच्या शेजारी अशी आमची जागा ठरलेली होती. ‘‘बाई, गुरुजी कसे आहेत?’’ असे मी विचारले, तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. गुरुजी न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, खुब्याचे ऑपरेशन झाले होते आणि सलग तीन रविवार त्यांच्यासाठी प्रार्थना होत होती. ‘‘तुम्ही तर मोबाइलवर दर रविवारी पाहता ना, दादा?’’ असे त्यांनी सरळ मनाने विचारले. मी पाहत होतोच. तीनही रविवारी त्यांच्या नावावरून दहा-दहा सेकंदांनी उड्या मारत पुढे गेलो होतो.

दुसऱ्या कोणाचा अंगठा कदाचित इतका उतावीळ नसेल, आणि केवळ माझ्या सवयीवरून सर्वांना नियम घालून देणे योग्य होणार नाही. तरीही मला असे वाटते की दोष माझ्या एकट्याच्या आळसाचा नव्हता. जे पुढे सरकवता येते त्यात माणूस स्वतःपुरते तेवढे ठेवतो आणि इतरांचे काढून टाकतो. चर्चमध्ये ती सोय नाही. गुरुजींचा लागोपाठचा खोकला, मागच्या बाकावरच्या बाळाचे रडणे, न पटणारी सूचना आणि अनोळखी आजाऱ्याचे नाव हे सगळे आपापल्या वेळेत पुरे व्हावे लागते. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एकत्र मिळणे सोडू नका असे सांगताना, ते सोडण्याची कित्येकांना सवय लागली आहे असाही उल्लेख येतो. म्हणजे ही खोड मोबाइलने लावलेली नाही. मात्र त्या वचनात एकत्र येण्याचा हेतू एकमेकांना उत्तेजन देणे हा सांगितला आहे. संदेश मोबाइलवरही ऐकता येतो, पण पडद्याला मी उत्तेजन काय देणार?

गाण्याचेही तसेच आहे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या आणि भजनाच्या चालीवर जी गीते आमच्या हाती दिली, त्यांची घडणच मुळी मंडळीने मिळून म्हणण्याची आहे. पेटीवाल्याने सूर धरावा, एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी, सुरात असोत वा नसोत, ती उचलावी. घरी मी एकटा गाऊ लागलो की दुसऱ्या ओळीलाच आवाज खाली येतो आणि तिसऱ्या ओळीला मी नुसता श्रोता होतो. प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस मिळून घेण्याच्या विधीविषयी, अधिक लिहीत नाही. स्वयंपाकघरातली पोळी आणि द्राक्षाचा रस पुढे घेऊन आम्ही एकदा ते मोबाइलसमोर केले, आणि करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने भोजनासाठी एकमेकांची वाट पाहण्यास सांगितले होते हे त्या दिवशी मला फार आठवले.

चर्चमध्ये सगळे गोड आहे असे मुळीच नाही. वर्षभराने परतलो तेव्हा पहिल्याच रविवारी ‘‘वाट चुकलात वाटते?’’ हा टोमणा ऐकावा लागला, आणि वर्गणीची थकबाकीही त्याच दिवशी हाती पडली. पण हंगामाच्या सणाला खेड्यावरून आलेली ज्वारीची कणसे, मोसंबी आणि पाय बांधलेली एक कोंबडी उपासनेनंतर अंगणात लिलावाला निघाली, तेव्हा टोमणा मारणाऱ्याच गृहस्थांनी माझ्यावर बोली चढवत ती कोंबडी नेली आणि संध्याकाळी तिच्या रश्श्याचा डबा आमच्या घरी पाठवला. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी आमच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचे गाव वसवले, तेव्हा शास्त्र हाती देऊन माणसांना आपापल्या घरी धाडणे त्यांना पुरेसे वाटले नसावे. शेजार लागतो, आणि शेजार म्हटला की कटकट आलीच.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे किंवा ज्यांची कारखान्यात रविवारची पाळी असते, त्यांनी मोबाइल जरूर ठेवावा, मात्र जमल्यास ठरल्या वेळीच लावावा. आमच्या आईच्या खाटेजवळ तो तसाच सुरू असतो, आणि पाळकसाहेबांनी कोणाकोणाची नावे घेतली हे मी परत आल्यावर तीच मला विचारून ताडून पाहते. बाकीच्यांनी मात्र एकदा दोन-तीन महिने न चुकता जाऊन पाहावे, असे मी सुचवीन. साडेनऊची उपासना असेल तर सव्वानऊला पोहोचावे. उन्हाळ्यात पंख्याखालची बाके आधी भरतात, आणि भिंतीच्या बाजूची जागा गुरुजी काठी टेकत आले की त्यांना लागते.